सेनिओचं पाणी: एका डायोरामाचं फसलेलं ओतकाम

हे प्रकरण पुण्यातल्या एका हौशी मॉडेलकाराचं. त्याच्या परवानगीने लिहितोय, पण नाव, पत्ता आणि ग्राहकाचं गाव गाळून. मी यात शिरलो ते अर्ध्यातून, डायोरामातल्या (छोट्या प्रमाणातल्या देखाव्यातल्या) नदीसाठी ओतलेलं रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य, तडकल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे आधीचा भाग त्याच्या वहीतला आणि त्याच्या तोंडून ऐकलेला, पुढचा माझ्या डोळ्यांदेखत झालेला.

पार्श्वभूमी

काम आलं साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारांकडून. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर इटलीत होते. घरी दिवाणखान्यात ठेवायला त्यांना काचेच्या पेटीतला देखावा हवा होता आणि प्रसंगही त्यांनीच ठरवून आणला होता: ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, शिपाई नामदेव जाधव.

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर इटलीत ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीची शेवटची मोठी चढाई त्या दिवशी सुरू झाली. सेनिओ म्हटलं तर लहानशी नदी, पण तिच्या दोन्ही काठांना पुराचं पाणी अडवायला मातीचे उंच बांध घातलेले. जर्मनांनी ते बांध पोखरून त्यांत मशीनगन बसवल्या होत्या, उतारावर सुरुंग पेरले होते. दुपारभर विमानांनी आणि तोफांनी काठ भाजून काढले आणि संध्याकाळी ८व्या भारतीय डिव्हिजनच्या पलटणी पाण्यात उतरल्या. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनची एक छोटी तुकडी गोळीबारात जवळपास संपली. अहमदनगर जिल्ह्यातले जाधव त्या कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत फिरून तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागून टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पहिला निर्णय इथेच होता: कुठला क्षण? सुभेदारसाहेबांच्या मनात बांधावरची गर्जना होती. मॉडेलकाराच्या मनात पाणी. खांद्यावर जखमी घेतलेला, कमरेपर्यंत बुडालेला माणूस. त्याने साहेबांना पटवलं, आणि माझ्या मते बरोबर पटवलं. बांधावर हात उंचावून उभा असलेला शिपाई म्हणजे चौकातला पुतळा होतो, पाण्यातला माणूस ओझं वाहतो. पण पाणी निवडलं म्हणजे रेझिन आलं, आणि त्याने तोवर रेझिनमध्ये किचेन आणि एक घड्याळ यापलीकडे काही ओतलेलं नव्हतं.

आधीच्या दोन ठेचा

प्रमाण १/३५ ठरलं. या प्रमाणात पावणेसहा फुटांचा माणूस पाच सेंटिमीटरचा होतो. मराठा पलटणीच्या तयार फिगर, म्हणजे छोटे पुतळे, कुठल्याच खोक्यात मिळाल्या नाहीत, म्हणून बॅटलड्रेसमधले (लढाईच्या गणवेशातले) ब्रिटिश पायदळाचे चार शिपाई आणले. हव्या होत्या सात फिगर. राहिलेल्या तीन फिगरसाठी दोन रस्ते होते: खोक्यातल्या फिगरवरूनच साचा काढून प्रती ओतायच्या, किंवा स्वतः घडवायच्या. पहिला रस्ता सोपा, आणि आपल्याकडे सर्रास वापरला जातो. तो चोरीचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. याने तारेच्या सांगाड्यावर इपॉक्सी पुट्टीने जाधवांची फिगर आणि एक नुसतं धड घडवलं, आणि त्या धडावरून दोन प्रती ओतायचं ठरवलं. याबद्दल त्याला पूर्ण गुण.

साचा दोन भागांचा करायचा होता. मास्टर, म्हणजे ते मूळ धड, अर्धा मुलांच्या खेळण्यातल्या मातीत दाबला आणि वरून प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन ओतलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर सिलिकॉन वरून रबरासारखं छान, आणि मातीला टेकलेल्या कडेला गुळाच्या पाकासारखं चिकट. त्या मातीत गंधक असतं आणि गंधकाने प्लॅटिनम सिलिकॉन वाळतच नाही. लेटेक्सच्या हातमोज्यांनीसुद्धा हेच होतं. दुसऱ्या खेपेला त्याने टिन प्रकारचं सिलिकॉन घेतलं. ते काही महिन्यांत किंचित आकसतं, पण इथे दोन प्रती काढल्या की साच्याचं काम संपणार होतं.

दुसरी ठेच ओतायच्या पॉलियुरेथेनची. हे रेझिन हवेतला ओलावा शोषतं आणि ओलाव्याशी त्याची क्रिया होऊन वायू सुटतो. महिना जुलै. बाटली जूनमध्ये उघडलेली, झाकण अर्धवट लावलेलं. साच्यातून निघालेल्या पहिल्या धडाला ढोकळ्यासारखी जाळी. नवी बाटली, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि ओतण्याआधी साचे तासभर दिव्याखाली कोरडे करणं, एवढ्यावर ते सुटलं.

या दोन्ही ठेचांनी मिळून अकरा दिवस खाल्ले. पुढच्या घाईचं मूळ यात आहे.

अडचण

नदीचं गणित त्याने वहीत नीट मांडलेलं होतं. पाणी चार फूट खोल धरलं तर १/३५ मध्ये साडेतीन सेंटिमीटर. नदीचा पट्टा ३० सेंटिमीटर लांब, १४ सेंटिमीटर रुंद. म्हणजे जवळपास दीड लिटर रेझिन. काठाचे बांध थर्माकोलचे, वरून पुट्टी आणि चाळलेली माती. फिगरचे पाय आणि भिजलेल्या पँटच्या चुण्यासुद्धा पूर्ण घडवलेल्या, कारण पाणी पारदर्शक, आतलं दिसणार.

शनिवारी रात्री साडेदहाला त्याने पहिला थर ओतला. दोन सेंटिमीटर, म्हणजे ८४० मिलिलिटर, एका मगात, एकाच वेळी कालवून. बाटलीवर लिहिलं होतं की एका वेळी एक सेंटिमीटरहून जाड ओतू नये. ते त्याने वाचलं होतं. "दोन म्हणजे काही फार नाही," असं त्याला वाटलं.

नदीचं रेझिन इपॉक्सी प्रकारचं, आणि इपॉक्सी वाळताना उष्णता सोडतं. पातळ थरात ती निघून जाते. जाड थरात अडकते, अडकलेल्या उष्णतेने वाळणं आणखी वेगात होतं, आणि त्यातून आणखी उष्णता. पाऊण तासात रेझिन कालवलेला तो मग हातात धरवेना. तासाभरात नदीच्या मधोमध वाफेसारखं काही दिसलं आणि 'टक' असा आवाज आला. त्याच वेळी बाजूच्या अॅक्रिलिक पट्टीला लावलेली सेलोटेप सुटून थोडं रेझिन फरशीवर गेलं. ती फरशी अजून तशीच आहे, त्याच्या आई तिच्यावर पायपुसणं ठेवतात.

सकाळी मी पोचलो तेव्हा दृश्य असं होतं: मध्ये पिवळट पडलेलं, तीन मोठ्या तडा गेलेलं रेझिन. कडेला मात्र बोट लावलं तर चिकट. बांधाचा पायथा आत खचलेला, कारण तिथलं थर्माकोल उष्णतेने बसलं होतं. आणि पॉलियुरेथेनच्या दोन्ही फिगर कमरेत वाकलेल्या, जणू पाण्यात काही सांडलंय ते शोधतायत.

मधलं तडकलेलं आणि कडेचं न वाळलेलं, ही जोडी मला खटकली. नुसत्या जाडीने चिकटपणा येत नाही. वही मागितली. बाटलीवरचं रेझिन आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक) यांचं २:१ हे प्रमाण आकारमानाचं होतं, याने ते वजनकाट्यावर मोजलं होतं. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे वजनाने २:१ घेतलं की हार्डनर दहा टक्क्यांहून जास्त पडतो. जोडीला घाईत मगाच्या कडा नीट खरवडल्या नव्हत्या, न कालवलेलं तेवढं कडेला गेलं.

पर्याय

देण्याची तारीख एकोणीस दिवसांवर. चहा घेत आम्ही चार गोष्टी समोर ठेवल्या.

सगळं टाकून नव्याने करणं हा पहिला. प्रामाणिक, पण एकोणीस दिवसांत बांध, फिगर आणि रंग होणार नव्हते.

दुसरा, तडांमध्ये नवं रेझिन भरणं. स्वच्छ तडा नव्या रेझिनने भरली की बरीचशी दिसेनाशी होते, हे खरं. पण पिवळेपणा जात नाही, आणि खालचा चिकट भाग कधीच वाळणार नाही. चिकट पायावर घट्ट थर म्हणजे चिखलावर फरशी.

तिसरा त्याला सगळ्यांत आवडलेला: वरून तपकिरी रंग मारायचा, त्यावर चकाकी द्यायची, खालचं कुणाला दिसतंय? खरं सांगायचं तर मलाही क्षणभर मोह झाला. पण खचलेला बांध पुढे आणखी खचणार होता, आणि वर्षभराने साहेबांच्या दिवाणखान्यात नदीला खड्डा पडला असता.

चौथा, फक्त नदी कापून काढायची आणि बांध, वरच्या फिगर वाचवायच्या. हा शहाणपणाचा वाटला, तरी त्यातही तोच प्रश्न परत येत होता: साडेतीन सेंटिमीटर पारदर्शक रेझिन पुन्हा कसं ओतायचं? एक एक सेंटिमीटरने, प्रत्येक थराला दिवस देऊन, पावसाळी हवेत. जमलं असतं, पण काठावर.

इथे मी हट्ट धरला की साहेबांना आत्ताच फोन कर. त्याला ते नको होतं. "पूर्ण झाल्यावरच दाखवू ना दादा, आत्ता कशाला?" हे आपल्या सगळ्यांचंच होतं, अर्धवट काम दाखवायची लाज. शेवटी केला फोन. साहेब दोन दिवसांनी पुण्यात येणारच होते, ते थेट घरी आले.

त्यांनी तडा पाहिल्या, वाकलेले शिपाई पाहिले, काही बोलले नाहीत. मग कडेच्या स्वच्छ, निळसर झाक दिलेल्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे पाणी कुठलं म्हणायचं?"

"सेनिओचं, साहेब."

"न्हाई ओ. आमचं तीर्थरूप सांगायचं, पाणी कसलं, च्या होता निव्वळ. पाय कुठं पडतोय त्ये दिसायचं न्हाई."

मॉडेलकार माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. मातीचे बांध, दुपारभर बॉम्ब आणि तोफा, त्यातून शेकडो पाय. ते पाणी गढूळच असणार, दुसरं काही असूच शकत नव्हतं. रेझिन पारदर्शक मिळतं म्हणून त्याने नदीही पारदर्शक धरली होती. गढूळ पाण्याची खोली दिसत नाही. मग ती ओतायची कशाला?

काय केलं

नदी कापली. गरम हवेने इपॉक्सी मऊ होतं, मग पट्टीने खरवडून काढता येतं. हे बाल्कनीत, नायट्राइलचे हातमोजे आणि वाफेसाठीचा मास्क लावून. अर्धवट वाळलेलं इपॉक्सी कातडीला वाईट. एकदा त्याची अॅलर्जी जडली की छंद सुटतो, अशी दोन माणसं मी जवळून पाहिली आहेत.

तळ वर उचलला. आधी जिथे पाण्याची पातळी येणार होती तिच्या आठ मिलिमीटर खाली सनबोर्डचा (फोमच्या कडक शीटचा) तळ बसवला, थर्माकोलला तिथून हाकललं. त्याला मातीच्या रंगाचा हात दिला आणि वर ब्रशने इपॉक्सीचा पातळ लेप, म्हणजे सांध्यातली हवा बुडबुडे होऊन वर येणार नाही. बाजूच्या पट्ट्या या वेळी सिलिकॉन सीलंटने चिकटवल्या.

मग पायांचा प्रश्न आला, आणि इथे तो खरंच अडला. पाण्याखाली आठ मिलिमीटरच जागा, म्हणजे पाण्यातल्या सगळ्या फिगर मांड्यांतून कापायच्या. भिजलेल्या पँटच्या चुण्या घडवायला त्याला दोन आठवडे लागले होते. तो अर्धा तास करवत हातात घेऊन बसून होता. मी काही बोललो नाही. मग त्याने स्वतःच कापले. ते कापलेले पाय त्याने एका डबीत ठेवलेत.

वाकलेली धडं गरम पाण्यात बुडवून सरळ केली. पॉलियुरेथेन त्याने मऊ होतं, हव्या त्या स्थितीत धरून गार पाण्यात घातलं की तसंच राहतं. एका रायफलची नळी मात्र काही केल्या पूर्ण सरळ झाली नाही.

रेझिनला रंग द्यायला पाण्यातले अॅक्रिलिक टाळले, आधीच ओलावा नको झालेला. रंगाच्या दुकानातून गेरू आणि पिवळी माती आणली, तव्यावर कोरडी केली, गाळली. स्टीलच्या तीन वाट्यांत वेगवेगळ्या प्रमाणात कालवून आधी नमुने ओतले. पहिला विटेसारखा लाल, दुसरा मोहरीसारखा, तिसऱ्यात कणभर काळा घातल्यावर चहा जमला. साहेबांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर एका शब्दाचं: "हाच."

दोन थर ओतले, प्रत्येकी चार मिलिमीटरचे, म्हणजे १७० मिलिलिटरच्या आसपास. मोजमाप मापाच्या पेल्याने. एका पेल्यात कालवायचं, मग दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा कालवायचं, म्हणजे कडेचं न मिसळलेलं राहत नाही. खालचा थर जवळपास अपारदर्शक, वरचा थोडा विरळ. पहिला थर बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही अशा अवस्थेत असताना दुसरा ओतला, म्हणजे दोघं एकजीव होतात. बुडबुड्यांवरून लायटरची ज्योत भरकन फिरवली. खोलीचा एसी कोरड्या हवेवर लावला, वर मोठं पातेलं उपडं घातलं, धूळ नको म्हणून.

इपॉक्सी सपाट बसतं, नदी सपाट नसते. वाळल्यावर वर चकाकीचा अॅक्रिलिक जेल ब्रशने थोपटून प्रवाह दिला, जाधवांच्या मागे फाटलेल्या पाण्याची रेघ काढली. ओतताना रेझिन कपड्यांवरून दोनेक मिलिमीटर वर चढलं होतं, ते मी आधी दोष समजलो. रंगवताना तोच भाग गडद आणि किंचित चकचकीत ठेवला, तर भिजलेल्या कापडाची ओळ आपोआप मिळाली.

रंगकामाबद्दल थोडं

युरोपियन फिगरसाठीच्या कृती वापरून मराठी चेहरा रंगवता येत नाही. उजाळा द्यायला पांढरा घातला की कातडी राखेसारखी दिसते. त्याने गडद तांबूस तपकिरीवरून सुरुवात केली आणि उजळपणा पिवळ्या मातीच्या छटेने आणला, ओठांना आणि कानाच्या पाळ्यांना किरमिजी वॉश, म्हणजे पातळ केलेल्या रंगाचा हात. लोकरीचा बॅटलड्रेस खाकी-तपकिरी, पट्टे त्याहून फिके हिरवट. प्रकाश एकाच बाजूने, संध्याकाळचा तिरपा, म्हणजे हेल्मेटच्या कडेखाली चेहरे अंधारात आणि हनुवटीवर उजेड.

मॅट वार्निश मारल्याच्या दिवशी बाहेर धो धो पाऊस होता, फिगर पांढरट धुरकटल्या. ग्लॉसचा हात देऊन धुरकटपणा घालवला आणि कोरड्या दिवशी पुन्हा मॅट मारला. जुलैत पुण्यात स्प्रे वार्निश मारू नये, एवढंच.

निकाल

काम नऊ दिवस उशिरा गेलं. फोन आधीच झालेला असल्याने त्यावर कुणी काही बोललं नाही. नदी वर्षभरात खचली नाही, पिवळी पडली नाही. जाधवांच्या डाव्या कोपराखाली एक बुडबुडा राहिलाय, तो मला पेटी पाहिली की पहिल्यांदा दिसतो. साहेबांनी पेटी उघडली तेव्हा पाण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलं, जखमी शिपायाचा बूट एकच का? दुसरा नदीत गेला असेल, असं मॉडेलकार म्हणाला. खरं तर तो करवतीखाली मोडला होता.

वेगळं काय करता आलं असतं

वजन आणि आकारमान यांची गल्लत, एक सेंटिमीटरची मर्यादा ओलांडणं, थर्माकोल रेझिनच्या थेट संपर्कात ठेवणं, या तिन्ही चुका बाटली नीट वाचून आणि एका वाटीत नमुना ओतून टळल्या असत्या. नमुन्यासाठी पन्नास मिलिलिटर लागतात, एक रात्र जाते. त्याच्याकडे रात्र नव्हती असं तो म्हणतो. आधी गेलेल्या अकरा दिवसांत अशा अकरा रात्री होत्या, असं मी म्हणतो.

पण या चुका झाल्या नसत्या तरी नदी निळसर, पारदर्शक, नीट वाळलेली आणि चुकीची झाली असती, हे मला जास्त टोचतं. त्याने सगळा अभ्यास गणवेशाचा केला होता. हेल्मेट, टॉमीगन, पट्ट्यांची बकलं. ज्या पाण्यासाठी तो क्षण निवडला, त्या पाण्याबद्दल एकदाही कुणाला विचारलं नाही, आणि ज्याला विचारायचं तो माणूस ग्राहकच होता. साहेबांशी पहिल्या भेटीत तासभर बोलणं झालं होतं, सगळं मापांचं आणि पैशांचं.

लवकर फोन करण्याबद्दल आता आमचं एकमत आहे. वाकड्या नळीबद्दल नाही. मी म्हणतो ती रायफल कापून नवी बसवायला हवी होती, पेटी बंद व्हायच्या आधी दोन दिवस हातात होते. तो म्हणतो चिखलातून घसरत चाललेल्या माणसाची रायफल कुणी पट्टी लावून बघत नाही.